सिकंदर अली वज्द यांची 'अजंता' आणि मराठवाड्याच्या साहित्येतिहासाची चौकट

प्रस्तावना

'मराठवाड्याचे साहित्य' या विषयाची मांडणी होते तेव्हा तिचा आरंभ बहुधा मुकुंदराजांपासून केला जातो. शके १११० मधील 'विवेकसिंधू', अंबाजोगाईच्या डोंगरकपारीतील मुकुंदराजांची समाधी, त्याच गावचे दासोपंत व त्यांची पासोडी, पैठणचे एकनाथ आणि मग काही शतके ओलांडून परभणीचे बी. रघुनाथ, ही वाट मराठीच्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना सारखीच परिचित आहे. या वाटेवर बीड जिल्ह्याशी जोडलेले आणखी एक नाव लागते, ते 'योगसंग्राम'कार शेख महंमद यांचे. आष्टी तालुक्यातील वाहिरे या गावाशी नाते सांगणारा आणि पुढे श्रीगोंद्यास स्थिरावलेला हा मुसलमान संतकवी मराठी साहित्येतिहासात कोणत्याही आढेवेढ्यांशिवाय सामावला गेला. त्याच्या जन्मधर्माची चर्चा झाली, पण त्याच्या स्थानाविषयी शंका कोणी घेतली नाही. कारण उघड आहे. त्याने मराठीत लिहिले.

त्याच गोदाखोऱ्यात, वैजापूर येथे, २२ जानेवारी १९१४ रोजी जन्मलेल्या सिकंदर अली 'वज्द' यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. अजिंठ्याच्या लेण्यांवर उर्दूतील सर्वांत गाजलेली कविता लिहिणारा हा कवी मराठवाड्याचा असूनही 'मराठवाड्याच्या साहित्या'त त्याचा उल्लेख क्वचित होतो. उर्दूच्या वर्गात त्याची 'अजंता' शिकवली जाते. शेजारच्या मराठीच्या वर्गात तिचे नावही निघत नाही. शेख महंमदांना भाषेने आत घेतले आणि वज्द यांना भाषेनेच बाहेर ठेवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

प्रस्तुत लेखात वज्द यांच्या जीवनाचा धावता आढावा घेऊन मुख्यतः 'अजंता' या नज्मेचा विचार करावयाचा आहे. ही नज्म प्रेक्षणीय स्थळाचे गुणगान करणारी वर्णनपर कविता आहे, असा तिच्याविषयीचा सर्वसाधारण समज दिसतो. तो अपुरा आहे. या कवितेने निवडलेला आकृतिबंध आणि तिची शब्दकळा यांच्याकडे लक्ष दिल्यास, एका परक्या वाटू शकणाऱ्या वारशाला आपला म्हणण्याची फार गंभीर काव्यकृती येथे घडली आहे, असे लक्षात येते.

वैजापूर ते उस्मानिया

वज्द यांचे शिक्षण औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व हैदराबाद येथे झाले. त्या काळातील औरंगाबाद हे उर्दूच्या दृष्टीने दुय्यम गाव नव्हते. वली आणि सिराज यांच्या नावांशी जोडलेल्या या शहरात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मुख्यालय आणले होते आणि १९३० च्या दशकात ते दिल्लीस जाईपर्यंत उर्दूच्या कोशरचनेचे व जुन्या हस्तलिखितांच्या संपादनाचे मोठे काम येथूनच चालले. दखनीतील अनेक जुने ग्रंथ या काळात उजेडात आले. वज्द यांची जडणघडण या वातावरणात झाली, ही गोष्ट पुढे त्यांच्या कवितेतील 'दकन' या शब्दाचा विचार करताना उपयोगी पडेल.

पुढील शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभागाने विज्ञान, कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांची पुस्तके उर्दूत आणली होती. येथून पदवी घेऊन वज्द हैदराबाद संस्थानच्या नागरी सेवेत शिरले. मुन्सिफ म्हणून सुरुवात करून ते सत्र न्यायाधीशाच्या पदापर्यंत पोहोचले. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ ते १९७८ या काळात ते महाराष्ट्रातून काँग्रेस पक्षाचे राज्यसभा सदस्य होते. १६ मे १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. (याच शहरातील दुसरे उर्दू कवी काझी सलीम १९८० साली लोकसभेवर निवडून गेले. दहा वर्षांच्या आत एका शहरातून दोन उर्दू कवी संसदेत जावेत, ही नोंद राजकीय इतिहासकारांनी फारशी घेतलेली दिसत नाही.)

या चरित्रात एक विसंगती सहज जाणवते. 'वज्द' या उपनामाचा अर्थ सुफी परिभाषेत भावावस्था, समाधीतील बेभान तंद्री असा आहे. समा ऐकताना साधक स्वतःला विसरून जातो ती ही अवस्था, आणि चिश्ती परंपरेचे मोठे ठाणे असलेले खुलताबाद औरंगाबादपासून हाकेच्या अंतरावर आहे. असे नाव धारण करणारा कवी आयुष्यभर साक्षीपुरावे तपासून निकाल लिहीत राहिला. त्यांच्या कवितेतील घाटाची शिस्त आणि शब्दांचे तोलूनमापून केलेले उपयोजन यांत न्यायासनाचा वाटा किती, हे सिद्ध करता येणार नाही. तथापि वज्द यांची कविता बेभान होते ती नेहमी मात्रावृत्तांचा हिशेब चोख ठेवून, हे मात्र कोणाही वाचकाला दिसेल.

त्यांचे चार कवितासंग्रह प्रसिद्ध आहेत : 'लहू तरंग' (१९४४), 'आफताबे ताजा' (१९५२), 'औराके मुसव्वर' (१९६३) आणि 'बयाजे मरियम' (१९७४).

पहिल्या संग्रहाचे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. उस्मानियाचेच दुसरे पदवीधर, मेदक जिल्ह्यात जन्मलेले मखदूम मोहिउद्दीन यांचा 'सुर्ख सवेरा' याच वर्षी, १९४४ मध्ये आला. एकाच्या शीर्षकात लाल पहाट आहे, दुसऱ्याच्या शीर्षकात रक्त आहे. प्रगतिशील लेखक चळवळीचा १९३६ नंतरचा प्रभाव दोन्हींवर आहे. परंतु मखदूम यांचा लाल रंग पक्षाच्या निशाणाचा होता. ते कामगार संघटनेत गेले, भूमिगत झाले, तुरुंगात गेले. वज्द यांचे 'लहू' हे मुख्यतः गझलेच्या परंपरेतून आलेले काळजाचे रक्त आहे आणि 'जलतरंग' या वाद्याच्या नावावर बेतलेल्या त्या शीर्षकात रक्ताचेही संगीत व्हावे अशी अपेक्षा आहे. या फरकाला कमअस्सलपणा म्हणण्याची प्रथा काही काळ होती. सरकारी नोकरीत राहून लिहिणाऱ्या कवीकडून बंडाची भाषा येत नाही, एवढे खरे. पण जिगरचे रक्त ही प्रतिमा वज्द यांनी पुढे अजिंठ्याच्या भिंतींपर्यंत नेली, आणि तेथे तिला जो अर्थ लाभला तो केवळ घोषणेतून लाभला नसता.

'अजंता' : आकृतिबंध

'अजंता' ही नज्म मुसद्दस या रचनाबंधात आहे. सहा ओळींचे कडवे, पहिल्या चार ओळींना एक यमक आणि शेवटच्या दोन ओळींना वेगळे यमक, अशी ही बांधणी. चार ओळींत विषय उभा राहतो आणि शेवटच्या द्विपदीत तो गोळा होऊन येतो. रचनाशास्त्राची ही माहिती कोणत्याही उर्दू पाठ्यपुस्तकात मिळते. प्रश्न असा आहे की वज्द यांनी हाच बंध का निवडला?

उर्दूत मुसद्दस हा निव्वळ छंदाचा प्रकार राहिलेला नाही. त्याला एक स्मृती आहे. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या अनीस व दबीर यांनी करबलाच्या शोकाची मर्सियाकाव्ये प्राधान्याने याच बंधात लिहिली. पुढे १८७९ मध्ये हाली यांनी इस्लामच्या उत्कर्षाची व अधोगतीची कथा सांगणारे आपले दीर्घकाव्य याच बंधात रचले आणि ते इतके लोकप्रिय झाले की 'मुसद्दस' म्हटले की हालीच आठवावेत. इक्बाल यांचा 'शिकवा' हादेखील मुसद्दसच. म्हणजे एखाद्या समाजाने आपल्या पूर्वजांविषयी, आपण गमावलेल्या वैभवाविषयी आणि आपल्या आजच्या दैन्याविषयी बोलायचे असेल तर उर्दू कवीच्या हाताशी हा बंध आपोआप येतो. तो सामूहिक पूर्वजस्मरणाचा बंध आहे.

वज्द यांनी हा बंध बौद्ध भिक्षूंच्या आणि अनाम चित्रकारांच्या लेण्यांसाठी वापरला. हालीने ज्या आवाजात अरबस्तान व अंदलुस यांतील आपल्या पूर्वजांना आठवले, त्याच आवाजात वज्द वाघूर नदीच्या काठावरील लेणी खोदणाऱ्यांना आठवतात. हे पूर्वज धर्माने त्यांचे नाहीत, भाषेने नाहीत, वंशाचा तर प्रश्नच नाही. तरीही कवितेचा सूर पाहुण्याचा नाही, वारसाचा आहे. उर्दू वाचकाच्या कानाला ही गोष्ट पहिल्याच कडव्यात जाणवत असली पाहिजे, कारण बंध ओळखीचा आणि विषय अनपेक्षित आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागते. एखाद्या कवीने ओवीचा किंवा अभंगाचा साज चढवून ताजमहालाविषयी लिहिले असते, तर जी खळबळ मनात उठली असती तिच्याशी याची तुलना करता येईल.

हालीपासून वज्द एका बाबतीत दूर जातात, आणि तेथेच या कवितेचे मोल आहे. हालींचा मुसद्दस पडझडीचा आहे. वज्द यांना अजिंठ्यात पडझड दिसत नाही. वास्तविक दिसायला हरकत नव्हती. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली तेव्हा ती झाडोऱ्यात बुडालेली होती. रंगांचे पापुद्रे निखळत होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याला इटलीहून जाणकार बोलावून चित्रे वाचवावी लागली. खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० पासून पुढे चित्रांचे खंड प्रसिद्ध केले. हा सर्व इतिहास हैदराबादेत शिकलेल्या वज्द यांना ठाऊक नसणे संभवत नाही. तरी त्यांच्या पहिल्याच कडव्याच्या शेवटी येणारा शब्द 'आबाद' हा आहे. दख्खनच्या मांडीवर वसलेली, नांदती असलेली स्वप्नांची वस्ती, असे ते तिला म्हणतात. ओसाड लेण्यांना नांदती वस्ती म्हणणे हा शोकाच्या बंधातून शोक काढून घेण्याचा प्रकार आहे.

'दकन' हा शब्दही सहज आलेला नाही. कवी येथे हिंदुस्थान म्हणत नाही, हैदराबाद संस्थान म्हणत नाही. उर्दू काव्याची पहिली शतके ज्या भूमीत दखनी म्हणून फुलली आणि जेथून वलीची कविता दिल्लीकरांना आपल्याच भाषेच्या सामर्थ्याची जाणीव करून देत उत्तरेस गेली, ती ही भूमी. वली-सिराजांची उर्दू आणि अजिंठ्याचे रंग एकाच आईच्या मांडीवर आहेत, असे या एका शब्दाने सुचवले जाते.

पहिल्या कडव्याची वाक्यरचना बारकाईने पाहिली तर आणखी एक गोष्ट हाती लागते. त्यातील पहिल्या चारही ओळी 'जिथे' या अर्थाच्या एकाच शब्दाने सुरू होतात आणि 'वर्षानुवर्षे' या अर्थाच्या एकाच शब्दावर संपतात. प्रत्येक ओळ स्थळापासून निघते आणि काळापाशी थांबते. पहिल्या तीन ओळींची क्रियापदे भूतकाळातील अखंड चालू राहिलेली क्रिया दाखवतात : कलावंत रक्त आटवत राहिले, उसासे रंगांत विरघळत राहिले, सत्-असत् यांची रूपे दगडावर उमटत राहिली. चौथ्या ओळीत क्रियापद एकदम भविष्यकाळी होते. हृदयाचे आणि नजरेचे हे नंदनवन टिकून राहील. शेवटचा शब्द मात्र तोच, 'वर्षानुवर्षे'. जेवढी वर्षे श्रमाची तेवढीच वर्षे टिकण्याची, असा हिशेब एका शब्दाच्या पुनरुक्तीने मांडला गेला आहे. उर्दू काव्यशास्त्रात रदीफ हे नादाचे साधन मानले जाते. येथे ते अर्थाचे साधन झाले आहे.

कलावंत की आश्रयदाता

या कवितेचा नायक कोण? बुद्धाचे चरित्र, जातककथा, महायान-हीनयान यांची तात्त्विक चर्चा यांवर कवितेचा भर नाही. राजे आणि दाते यांच्यावर तर नाहीच. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचे नाव सांगतो, सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राच्या दानाची नोंद आहे. लेण्यांनी आपल्या आश्रयदात्यांची नावे जपली, चित्रकारांची जपली नाहीत. वज्द यांच्या कवितेत नेमके उलट घडते. तेथे फक्त कलावंत आहेत. त्यांना कवी कधी हुन्नरवंत म्हणतो, कधी जिगरबाज म्हणतो, आणि दुसऱ्या कडव्याच्या आरंभी त्यांना चक्क 'जुनून' झालेले लोक, वेडे, म्हणतो. या वेड्यांना सौंदर्यनिर्मितीचे निमित्त मिळाले, त्यांनी वसंताची सारी मिळकत लुटून आणली आणि आपल्या मनाची तळमळ खडकावर रेखली, अशा आशयाची ती मांडणी आहे. मग कडव्याच्या अखेरीस ते आपली कहाणी डोंगराच्या काळजात सुरक्षित ठेवून जातात.

जुनून, दिल, जिगर, बेकरारी हा सारा गझलेतील प्रियकराचा शब्दसंभार आहे. मजनूसाठी राखून ठेवलेली ही शब्दसंपत्ती वज्द यांनी छिन्नी आणि कुंचला धरणाऱ्यांच्या नावे केली. भिक्षूंच्या विहारात, जेथे तृष्णेचा त्याग शिकवला जात होता, तेथे उर्दू कवीला तळमळणारे प्रेमिक दिसावेत, यात एक गमतीदार ताण आहे. बौद्ध तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला हे चुकीचे वाचन वाटेल आणि त्याचा आक्षेप गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु ज्याने पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या किंवा सतराव्या लेण्यातील प्रसाधनमग्न राजकन्या पाहिली आहे, त्याला वज्द यांचे वाचन अगदीच निराधार वाटणार नाही. विरक्तांच्या भिंतींवर एवढे प्रेमळ, एवढे देहसुंदर जग कोणी आणि का रंगवले, हा प्रश्न चित्रांतूनच उठतो. वज्द त्याचे उत्तर देतात ते त्यांच्या परंपरेच्या भाषेत.

दरबारी संस्थानात वाढलेल्या, त्याच संस्थानच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या कवीने लेण्यांच्या निमित्ताने कोणत्याही सत्तेचा कसीदा लिहू नये, हीसुद्धा एक निवड आहे. ती जाणीवपूर्वक असो वा नसो, प्रगतिशील चळवळीने श्रमाविषयी जी आस्था निर्माण केली होती तिचा हा सौम्य, पण टिकाऊ परिणाम मानावा लागेल. मखदूम यांच्या कवितेतील श्रमिक रस्त्यावर आहे; वज्द यांचा श्रमिक डोंगराच्या पोटात, दिव्याच्या उजेडात काम करतो आहे.

अलीकडच्या संशोधनाने या चित्राला एक वेगळी कलाटणी दिली आहे. वॉल्टर स्पिंक यांच्या सिद्धान्तानुसार अजिंठ्यातील उत्तरकालीन लेण्यांचे बहुतेक काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या कारकिर्दीतील जेमतेम दोन दशकांत उरकले गेले आणि राजाच्या मृत्यूनंतर ते घाईघाईने अर्धवट सुटले. हा सिद्धान्त सर्वमान्य नाही. पण तो मान्य केला तर शतकानुशतकांच्या संथ साधनेचे रम्य चित्र मागे पडते आणि दात्यांची चढाओढ, निधीची टंचाई, अपूर्ण मूर्ती असे फार मानवी दृश्य समोर येते. वज्द यांच्या कवितेला याने बाध येत नाही. मात्र तिच्या स्वप्नील सुराला एक मर्यादा आहे, हे त्यामुळे स्पष्ट दिसते. लेण्यांतील अपुरेपणा, अर्धवट सोडलेले खांब, यांची दखल या कवितेत नाही. जे पूर्ण झाले, जे सुंदर झाले, तेवढेच तिला दिसते.

याच विषयावर मराठीत ना. धों. महानोर यांचे 'अजिंठा' हे काव्य आहे. लेण्यांपासून जवळच्या पळसखेड्याचा हा कवी रॉबर्ट गिल आणि पारो यांच्या कथेकडे वळला. चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ पासून तेथे राहिलेला इंग्रज अधिकारी आणि गावातील स्त्री, म्हणजे चित्रे पाहणारा आणि त्याला त्या भूमीशी जोडणारी, हा महानोरांचा विषय. वज्द चित्रे काढणाऱ्यांकडे पाहतात, महानोर ती पाहणाऱ्यांकडे. एका लेण्यावरच्या, एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन कवींच्या या रचना एकत्र ठेवून शिकवल्या जात नाहीत, याचे कारण वाङ्मयीन नाही, ते विभागीय वेळापत्रकाचे आहे.

शीर्षकांमागील सूचन

वज्द यांच्या दुसऱ्या संग्रहाचे नाव 'आफताबे ताजा', म्हणजे नवा सूर्य. १९५२ साली हे नाव स्वातंत्र्याचा सरळ जयघोष वाटेल. परंतु उर्दू वाचकाला हा शब्दप्रयोग इक्बाल यांच्या 'खिज्रे राह' या दीर्घ कवितेतून परिचित आहे. तेथे पृथ्वीच्या उदरातून जन्मलेल्या नव्या सूर्याची वार्ता देताना, बुडालेल्या ताऱ्यांचा शोक आता पुरे, असे कवी आकाशाला बजावतो. शीर्षकात सूर्य आहे. तारे वाचकाने मनात भरून घ्यायचे आहेत.

१९५२ च्या मराठवाड्यात या न उच्चारलेल्या ताऱ्यांना फार जड अर्थ होता. रझाकारांच्या अत्याचारांचा काळ, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेली निजामी सत्ता, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर उगवला गेलेला सूड, हे सारे चार वर्षांपूर्वीचे होते. उर्दू ही राज्यकारभाराची भाषा राहिली नव्हती. ज्या पिढीने तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा पायऱ्यांनी शिक्षण घेतले आणि उर्दूत निकाल लिहिले, तिचे सारे भाषिक भांडवल एका पावसाळ्यात अवमूल्यित झाले होते. अशा वेळी कवी शोक पुरे असे स्वतःच्या समाजाला सांगतो, आणि तेही उघड न सांगता, केवळ एका शब्दजोडीची आठवण करून देऊन. यात संयम आहे, धीरही आहे. सत्तेशी जुळवून घेण्याची तयारीही आहे, असे कोणी म्हटल्यास त्यालाही नाकारता येणार नाही. हा कवी पुढे सत्ताधारी पक्षाचा खासदार झाला आणि आणीबाणीचा काळ त्याच मुदतीत येतो.

'औराके मुसव्वर', म्हणजे चित्रांकित पाने, हे तिसरे शीर्षक मीर तकी मीर यांचे ऋण सांगते. मीर यांनी ही उपमा दिल्लीच्या उजाड झालेल्या गल्ल्यांना दिली होती. दख्खनच्या चित्रांवर प्रेम करणाऱ्या कवीने दिल्लीच्या शोकातील शब्द उचलून आपल्या संग्रहाच्या माथी लावावेत, ही 'अजंता'तील प्रक्रियेचीच दुसरी आवृत्ती होय. उत्तरेकडून आलेला शोकाचा साचा घ्यायचा आणि तो दक्षिणेतील नांदत्या वस्तूला बहाल करायचा.

वज्द यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या नज्मांत इजाफतीने जोडलेल्या फारसी समासांची गर्दी होते; काही ठिकाणी शब्दांची झळाळी अनुभवाच्या पुढे धावते. 'अजंता'ला जो ताण लाभला तो त्यांच्या सर्वच स्थळकवितांना लाभला असे म्हणवत नाही. शिवाय काळ त्यांच्या विरुद्ध गेला. १९६० नंतर उर्दूत आधुनिकतावादाची लाट आली. १९६६ मध्ये अलाहाबादेत 'शबखून' सुरू झाले. औरंगाबादेतच काझी सलीम आणि बशर नवाज ही निराळ्या संवेदनेची पिढी लिहू लागली. १९७४ मध्ये 'बयाजे मरियम' आला तेव्हा वज्द यांची घोटीव भाषा तरुणांना जुन्या दिवाणखान्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. अशा रीतीने मराठीने त्यांना भाषेमुळे दूर ठेवले आणि उर्दूच्या नव्या समीक्षेने शैलीमुळे.

बी. रघुनाथ आणि वज्द

मराठी साहित्येतिहासाने उर्दूला दूर ठेवण्यामागे केवळ अनास्था होती असे मानणे अन्यायाचे होईल. बी. रघुनाथ १९१३ मध्ये सातोन्यास जन्मले, वज्द १९१४ मध्ये वैजापुरास. दोघेही एकाच संस्थानचे प्रजाजन आणि एकाच सरकारचे नोकर. पण एक परभणीच्या बांधकाम खात्यात कारकून होता आणि दुसरा न्यायासनावर होता. एकाची भाषा घरात, देवळात आणि चोरून चालणाऱ्या वाचनालयांत जगत होती. दुसऱ्याच्या भाषेसाठी विद्यापीठ उभे होते. 'आलाप आणि विलाप'च्या कवीने मराठीत लिहिणे हाच त्या काळात एक निश्चय होता. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच त्यांचा मृत्यू झाला. ही विषमता विसरून दोघांना एका ओळीत बसवणे म्हणजे इतिहासाला गुळगुळीत करणे होय. मराठवाड्यातील मराठी माणसाच्या मनात उर्दूविषयी जो दुरावा होता त्याला अनुभवाचा आधार होता.

मात्र तो आधार आज उरलेला नाही. उर्दू आता येथे कोणाचीही राज्यभाषा नाही. बीडच्या न्यायालयांत जमिनीच्या दाव्यात जुना मुन्तखब निघाला की तो वाचणारा माणूस शोधावा लागतो. जी भाषा एके काळी हुकूम काढत होती तिचा कागद आज वाचकाची वाट पाहतो. सत्तेपासून सुटलेल्या भाषेतील कविता वाचण्यास मराठी अभ्यासकाला आता अडचण भाषेची आहे, मनाची असण्याचे कारण नाही. सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबादच्या नागरी सेवेतील आपल्या उर्दूचा उपयोग मराठी वाचकांना उर्दू काव्याचा परिचय करून देण्यासाठी केला. श्रीपाद जोशी यांनी उर्दू-मराठी कोशाचे काम केले. सामग्री अशी हाताशी आहे.

अडचण लिपीची म्हणावी, तर 'अजंता'च्या बाबतीत तीही वाटते तेवढी मोठी नाही. ही नज्म ज्या बहरमध्ये आहे तो हजज, म्हणजे 'मफाईलुन' हा गण चार वेळा. मराठी छंदःशास्त्रात 'लगागागा' चार वेळा घेऊन होणाऱ्या या वृत्ताला वियद्गंगा म्हणतात. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'पासून सुरेश भटांच्या गझलेपर्यंत मराठी कानाला ही चाल सवयीची आहे. पदवीच्या वर्गात गझलेची लगक्रमाने फोड करायला शिकलेल्या विद्यार्थ्याला वज्द यांच्या पहिल्या कडव्याचे नागरी लिप्यंतर दिले तर अर्थ कळण्याआधीच त्याला चाल सापडते. अर्थाकडे वळल्यावर तो पहिल्या ओळीतच अडखळेल तो 'जिगर' या शब्दापाशी. कोश त्याला 'यकृत' सांगेल. पण घरी आजीच्या तोंडून त्याने 'काळीज' ऐकलेले असते, आणि जिव्हाळा, धाडस, दुःख या तिन्हींसाठी एकच शब्द वापरण्याची सोय त्याच्या बोलीत आधीपासून आहे.